दोन्हीकडची सही

मी बाबालाल मुल्लाणी, वकिलाचा कारकून.
छत्तीस वर्षं तारखा लिहिल्या,
त्यातली बावीस हिंदुराव सरनोबतांच्या.
जिन्यावर पाटी अजून आहे,
नावाचा रंग उडाला, 'वकील' तेवढं वाचता येतं.

आडनाव सरनोबत,
आणि घरात तलवार सोडा, धड अडकित्ता नव्हता.
वडील शाळेत ड्रॉइंग शिकवायचे.
पहिल्या वर्षी तीन पक्षकार आले:
एक म्हशीवरनं, एक सामाईक भिंतीवरनं,
तिसऱ्याला खरं तर वरच्या मजल्यावर
दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं.
त्यालाही साहेबांनी चहा पाजला.

मग हौसाक्का मगदूम आली.
चप्पल दाराबाहेर काढून आत आली,
कोर्टात येतात तसं नाही, देवळात येतात तसं.
पिशवीत हवालदाराचा एक फोटो,
आणि दिल्लीचं पत्र, घडीवर फाटलेलं:
'मृत्यूचा लष्करी सेवेशी संबंध नाही.
हृदयात मूळचा दोष.'
साहेबांनी ते दोनदा वाचलं.
"बाबालाल, टाइप कर.
भरतीच्या दिवशी टेंबलाईच्या माळावर
ज्यांनी याची छाती फुगवून मोजली,
ते आत डोकवायला विसरले काय?"
मी म्हणालो, साहेब, याचिकेत असं लिहीत नाहीत.
"मग सभ्य करून लिही. पण प्रश्न तोच ठेव."

फी घेतली नाही. हौसाक्का दर खेपेला
हरभऱ्याचा ओला डहाळा आणायची,
आम्ही फायलींवरच सोलून खायचो.
सात वर्षं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई,
तारीख घेऊन परत कोल्हापूर.
जिंकलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.
शिरोळ, कागल, गडहिंग्लज,
जिथं जिथं घरटी एक फौजी, तिथनं माणसं आली.
पेठेतल्या तालमीनं फलक लावला,
फुटबॉलच्या फायनलला त्यांनी किक मारली,
बूट बॉलच्या आधी मैदानात गेला,
तरी लोक म्हणाले, नाद नाही करायचा.
खासदार झाले. दुसऱ्या खेपेला राज्यमंत्री,
आणि खातं कुठलं? संरक्षण.
आडनावाला शेवटी नोकरी लागली,
असं मी बार रूममध्ये म्हणालो, सगळे हसले.

हौसाक्काची पेन्शन काही लागली नाही.
सरकार अपिलात गेलं होतं.
कुणी नेलं, म्हणून मी अर्ज केला,
माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून.
तीन महिन्यांनी एक पान आलं.
त्यावर एक्केचाळीस नावांची यादी,
सतराव्वं मगदूम.
खाली 'अपील दाखल करावे. मान्य.'
आणि सही.
तो 'स', पोट भरलेल्या सापासारखा,
शेपूट ओळीबाहेर.
कोर्टातला कुठलाही तज्ज्ञ सांगेल तुलना करून.
मला तुलना लागत नाही.

वाचून केली असेल? एक्केचाळीस नावं होती.
न वाचता केली असेल?
बावीस वर्षांत त्यांनी मला
एक पावतीसुद्धा न वाचता फाडू दिली नव्हती.
दोन्हीतलं कमी वाईट कुठलं,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा आले होते. रात्री अकराला, सवयीप्रमाणं,
गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला.
चार बंदूकवाले, आणि बंदुकांना न भिणारी म्हैस.
मला बघून गर्दीतनं हात वर केला, "बाबालाल!"
आवाज तोच, जिन्यावरनं हाक मारायचे तोच.
मी जवळ गेलो. दोन कागद पुढं धरले:
जुनं वकालतनामा, पिवळं पडलेलं,
आणि ते दिल्लीचं पान.
म्हणायचं बरंच होतं, पाठ करून गेलो होतो.
पीए कानाशी काहीतरी बोलत होता.
मिशीवर फेस तसाच ठेवून
साहेबांनी खिशातलं पेन काढलं,
टोपण दातानं ओढलं.
"कुठं करायची?"

मी म्हणालो, दोन्हीकडं झालीय, साहेब.